सॅक पाठीवर, हिशेब हाती

२० डिसेंबर २०२४ रोजी सुरतहून बँकॉकला थेट विमान सुरू झालं आणि उधना-लिंबायतच्या आपल्या मराठी तरुणांना थायलंड एकदम जवळ आलं. तिकीट स्वस्त दिसलं, तरी सामानाची अट आधी वाचा. केबिनमध्ये साधारण ७ किलोच चालतं.

खरी गळती पुढेच. तिथलं एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी सुमारे २२० बाथ कापतं, मग ५०० काढा की १०,०००! म्हणून लागणारी रक्कम एकदाच काढा. यंत्रानं ‘रुपयांत हिशेब करू?’ असं विचारलं, तर बाथच निवडा. रुपयांचा दर महागात पडतो. आगमनाचं डिजिटल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे, पण सरकारी संकेतस्थळावर ते मोफत भरता येतं. प्रवास विम्यात मात्र काटकसर करू नका.