प्लास्टिकचा सांधा

न्हाणीघरातील बादलीचा कान तुटला म्हणजे घरात जो प्रसंग उभा राहतो, तो बहुतेक श्रोत्यांच्या परिचयाचा असेल. बादली धडधाकट असते, कडीही शाबूत असते. कडी जेथे अडकवावयाची तेवढा बोटभर कान मात्र निखळून हातात येतो. घरातील कर्ता पुरुष बाजारातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणतो, कान जागच्या जागी दाबून धरतो, आणि पाच मिनिटांनी रिकामी बादली उचलून सर्वांस दाखवितो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीबाई त्याच बादलीतून कढत पाणी घेऊन निघतात आणि अर्ध्या वाटेवर कान सुटतो. पाणी पायांवर पडले नाही तर ते केवळ दैव म्हणावयाचे. गोंद बनावट निघाला, असा निवाडा मग घरात होतो. परंतु या खटल्यात गोंदाची बाजू कोणी ऐकून घेतलेली नसते.

गोंदाचे काम दोन पायऱ्यांनी होत असते. आधी त्याने पातळ स्थितीत पसरून वस्तूच्या अंगाला सर्वत्र भिडावयाचे, आणि मग घट्ट व्हावयाचे. पहिली पायरी चुकली तर दुसरी कितीही उत्तम साधली तरी व्यर्थ. अळवावरचे पाणी आपल्याकडे क्षणभंगुरतेचा दाखला म्हणून सांगतात. येथे तो दाखला अक्षरशः लागू पडतो. अळवाचे पान मेणचट असते म्हणून थेंब त्यावर पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतो. घरातील बादल्या बहुधा ज्या पॉलिएथिलीनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, ती द्रव्ये म्हणजे मेणाचीच भावंडे होत. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या, यापलीकडे त्यांत काही नाही. गोंदाने धरावे असे बोटही ती पुढे करीत नाहीत.

या अलिप्तपणास शास्त्रज्ञांनी मापही लाविले आहे. त्याला पृष्ठऊर्जा म्हणतात. मीटरला मिलिन्यूटन या परिमाणात पॉलिएथिलीनची पृष्ठऊर्जा सुमारे ३१, पॉलिप्रॉपिलीनची ३० च्या आसपास आणि टेफ्लॉनची अवघी २० किंवा त्याहून थोडी कमी भरते. उलट ॲक्रिलिक किंवा खेळण्यांत व यंत्रांच्या कवचांत वापरले जाणारे एबीएस ४० च्या घरात असते. द्रवाचा पृष्ठताण वस्तूच्या पृष्ठऊर्जेहून कमी असेल तरच तो नीट पसरतो, असा स्थूल नियम आहे. इपॉक्सीसारख्या गोंदाचा पृष्ठताण ४० च्या वर असतो. तेव्हा तो बादलीवर का रुसतो हे निराळे सांगावयास नको. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाची अडचण दुहेरी आहे. त्याला सुकण्यासाठी आपले पाणी कोठेतरी सोडावे लागते. लाकूड ते शोषून घेते, प्लास्टिक घेत नाही.

या द्रव्यांच्या जन्मकथाही मौजेच्या आहेत. इंग्लंडातील चेशायर परगण्यात १९३३ साली दोन रसायनज्ञ प्रचंड दाबाखाली निराळाच प्रयोग करीत असता भांड्यात पांढरे मेणचट द्रव्य सापडले, तेच पॉलिएथिलीन. टेफ्लॉनही १९३८ साली अमेरिकेत असेच अवचित हाती लागले. आणि झटपट गोंदाचे मूळ द्रव्य १९४२ साली हॅरी कूव्हर या रसायनज्ञाच्या हाती आले, तेव्हा ते सगळ्यालाच चिकटते या दोषाखाली बाजूस टाकण्यात आले! पुढे १९५१ साली त्याचा गुण लक्षात आला आणि १९५८ साली ते विक्रीस निघाले. गंमत अशी, की सगळ्याला चिकटणारा हा गोंद पुष्कळदा भरून येतो तो पॉलिएथिलीनच्याच बाटलीत. बादलीच्या तक्रारीचे उत्तर दुकानदाराच्या फळीवरच मांडलेले असते.

म्हणून गोंद निवडण्यापूर्वी प्लास्टिक ओळखावे. वस्तूच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात पुष्कळदा आकडा असतो. २ आणि ४ म्हणजे पॉलिएथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर एक कपटा साबणाने धुऊन पाण्यात बुडवून सोडावा. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात. पीव्हीसी, ॲक्रिलिक, एबीएस बुडतात. मात्र प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळलेली असली किंवा ते फुगवून पोकळ केलेले असले तर ही परीक्षा फसते. जाळून वास घेण्याची पद्धत पुष्कळांस ठाऊक असते. ती घरात करू नये, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो.

बुडणाऱ्या जातींचे काम बहुधा सोपे. त्यांतील पुष्कळांना विरघळविणारे द्रव मिळतात. दोन्ही कडा थोड्या मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, आणि द्रव उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. नळाच्या पीव्हीसी पाइपांना लावतात तो चिकटा याच जातीचा. एबीएसला ॲसिटोन चालते. खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि जवळ विस्तव नसावा, एवढे पथ्य पुरे.

खरा कस लागतो तो तरंगणाऱ्या जातींपाशी. येथे कल्हईवाल्याची आठवण व्हावी. तो तापल्या भांड्यावर एकदम कथील फासत नसे. आधी नवसागर टाकून धातूचे अंग उजळीत असे, मग कथील सर्रकन पसरे. प्लास्टिकलाही असाच नवसागर हवा. कारखान्यात हे काम विजेच्या ठिणग्यांनी किंवा ज्योतीने करतात. दुधाच्या पिशवीवरील शाई टिकते ती याच उपचारामुळे. घरी ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी अंगणात, लहान हातबत्तीच्या निळ्या ज्योतीचे टोक जोडावयाच्या जागेवरून एक-दोनदा झरकन फिरवावे. प्लास्टिक वितळता कामा नये. केवळ त्याच्या अंगावर हवेतील ऑक्सिजन बसावयास हवा. नंतर पाण्याचा थेंब टाकावा. तो गोळी न होता पसरला तर उपचार साधला. जागा कोरडी करून लगेच इपॉक्सी लावावी, कारण हा गुण हळूहळू ओसरतो. नुसत्या काचकागदाने घासणे येथे फारसे उपयोगी पडत नाही. झटपट गोंदासोबत मिळणारे अस्तराचे द्रवही चांगले काम देते. शिवाय बोरॉनयुक्त, दोन भागांचे ॲक्रिलिक गोंद निघाले आहेत. ते उपचाराविना धरतात, पण किंमत नव्या बादलीच्या वर जाते. झटपट गोंद हाताळताना एक जपावे. तो सुती कापडावर सांडला तर भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते, म्हणून चिंधीने पुसू नये. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणपाण्यात धरावी.

शेवटचा मार्ग गोंदावाचूनचा. लोखंडी सळई तापवून बादल्या सांधणारे कारागीर शहरांच्या गल्ल्यांतून फिरत आले आहेत, आणि त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पॉलिएथिलीन ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे. म्हणून ठिगळ त्याच जातीचे घ्यावे लागते. एकावर दुसऱ्याचे बसविले तर वरवर सांधलेले दिसते, पण नखाने उचकटून येते.

सांधा कोणताही असो, तो सरकविणारा जोर पुष्कळ सोसतो, सोलणारा जोर सोसत नाही. पाकिटाचे झाकण नुसते ओढून निघत नाही, कडेपासून सोलले की निघते. बादलीच्या कानावर, कडी हेलकावे खाऊ लागली, की नेमका हाच सोलण्याचा जोर येतो. त्यात कढत पाण्याने प्लास्टिक मऊ पडते आणि गोंदही नरमतो. तेव्हा डोक्यावरील शिरस्त्राण, गॅसची नळी आणि कढत पाणी वाहण्याची बादली, या तीन वस्तू चिकटवून वापरू नयेत. कान जोडलेल्या त्या बादलीत धुण्याचे कपडे खुशाल भिजवावे, बुडाला भोके पाडून अळूही लावावे. आजीबाईंच्या हाती मात्र पितळेची किंवा नवी बादली द्यावी.