हौस म्हणून किती दिवस?

(मिरज येथे बचत गटांतील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण मिरजेत बसलो आहोत, म्हणून सतारीपासून सुरुवात करते. इथले शिकलगार पूर्वी शस्त्रं घडवीत, त्यांना धार लावीत. राज्यं गेली, शस्त्रांचं काम संपत आलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काहीजण तंबोरे, सतारी करू लागले. पुढे ‘सतारमेकर’ हे आडनावच झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हाताचं कसब असलेल्या पुरुषाला व्यवसाय मिळतो, आडनाव मिळतं, गल्लीला त्याचं नाव मिळतं. बाईच्या हाताला कसब असलं तर आपण म्हणतो, “तिला फार हौस आहे हो!”

आमच्या गटात अशी एक हौशी बाई आहे. तिचं नाव सांगत नाही. वय पन्नाशीच्या पुढे, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी माळ्यावर राहते. लहानपणी मिळालेली पितळी भातुकली तिनं अजून जपून ठेवली आहे. चूल, तवा, परात, बंब, सगळं बोटाएवढं. त्या भांड्यांना घर हवं म्हणून ती पुठ्ठ्याची, लाकडी काड्यांची घरं करू लागली. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागच्या दारी तुळशीवृंदावन आणि विहिरीवर खरा फिरणारा रहाट. कौलं शाडूची, एकेक हातानं वळलेली. शेजारच्या मुलीच्या लग्नात रुखवतात तिचा वाडा मांडला, आणि मग तिला ऑर्डरी यायला लागल्या.

इथे आपल्यापैकी काहीजणी अस्वस्थ होतील, आणि व्हायलाच हवं. भातुकली म्हणजे मुलीला चुलीपुढे बसवण्याची पहिली इयत्ता. मुलगे दिवाळीत किल्ला बांधतात, मावळे उभे करतात आणि मुली खोटा भात शिजवतात. रुखवताचं त्याहून अवघड. पूर्वी त्यात लाडू, करंज्या, शेवया, कुरडया असत. मग सुपारीचे नवरानवरी आले, पालखी आली, सप्तपदीचा देखावा आला. खर्च मुलीकडचा, आणि पाहणी करणार मुलाकडचे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, पण ‘हौसेनं दिलं’ या एका शब्दात किती काय काय लपतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही मी तिला ऑर्डर घेऊ नको म्हटलं नाही. ज्या बाईकडे दुसरी मिळकत नाही तिला आपल्या तत्त्वापायी उपाशी राहा म्हणणं मला पटत नाही. भातुकलीबद्दलही माझं मत जरा वेगळं आहे. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीचा मोठा संग्रह केला, त्याची प्रदर्शनं भरवली. आज ज्या वस्तू स्वयंपाकघरातून गेल्या त्या अशा संग्रहांत पाहायला मिळतात. बाईच्या श्रमाचा तो इतिहासच आहे. जातं किती जड होतं ते बोटाएवढ्या जात्यावरून कळणार नाही, हे मात्र खरं.

आता हिशेबाकडे येते, कारण आमचं खरं भांडण तिथं झालं. ती एक वाडा नऊशे रुपयांना देत होती. “सुटतात की पैसे,” म्हणायची. आम्ही वही घेऊन बसलो. पुठ्ठा, काड्या, गोंद, रंग, शाडू, वरची पारदर्शक पेटी मिळून ३४० रुपये. उरले ५६०. वेळ किती लागतो? “तो कोण मोजतो?” आम्ही मोजला. बावीस तास भरले. म्हणजे तासाला साडेपंचवीस रुपये, आठ तासांच्या दिवसाला दोनशे चार. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. खड्डे खणणारीपेक्षाही हिचं बारीक काम स्वस्त! आणि डोळे जातात ते वेगळंच.

मग तासाला पन्नास धरले. मजुरी ११००, सामान ३४०, मोडतोडीसाठी दहा टक्के. किंमत सोळाशेच्या घरात गेली. ती घाबरली, गिऱ्हाईक तुटेल म्हणाली. दोन गिऱ्हाइकं तुटलीही. पण आता दिवाळीच्या किल्ल्याशेजारी मांडायला, गौरीच्या आरासीला, बारशाला भेट म्हणूनही लोक घरं नेतात. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्याचाही पुठ्ठा-लाकडाच्या कामाला थोडा हात लागला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. उद्यम नोंदणीला घर नावावर असावं लागत नाही. मुलांचं खेळणं म्हणून विकायचं तर १ जानेवारी २०२१ पासून दर्जाचा नियम लागू झाला, पण हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट ठेवली. तेव्हा कारागीर म्हणून नोंद करा, ‘गृहिणी’ लिहून मोकळ्या होऊ नका. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत बाहुल्या-खेळणी करणारे पारंपरिक कारागीर आहेत, पण लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. घरात काम दोघं करत असतील तर कोणाचं नाव जाईल, ते तुम्ही ओळखलं असेल! अर्ज भरायच्या आधी घरात हे बोला.

कर्ज, नोंदणी हे सगळं होईल. होत नाही ते एकच, जागा. घरी पुतण्याचं लग्न निघालं तेव्हा पाहुण्यांसाठी माळा रिकामा करायला सांगितला. अर्धवट झालेली चार घरं पोत्यात भरून तिनं गच्चीवर ठेवली, पाऊस आला आणि लगदा झाला. दुसऱ्यांची घरं करणाऱ्या बाईला स्वतःची चार हात भिंत नाही.

कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीनं १९८० च्या दशकात याच सांगली जिल्ह्यात परित्यक्तांचे प्रश्न पुढे आणले. आज आपण त्याच बायकांना शिवणयंत्र, कर्ज, प्रशिक्षण देतो आणि उद्योजिका म्हणतो. पण यंत्र ठेवायचं कुठं, हे विचारत नाही. मृत्युपत्र न करता बाप गेला तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. आणि तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेरचं दार बंद होईल ही भीती. साडीचोळी मिळते, घर जातं.

हिच्या बापाचं घर त्यानं स्वतः गिरणीत राबून बांधलं. मृत्युपत्र केलं नव्हतं. लग्न आटोपल्यावर भावानं तिच्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. “तायडे, नुसती सही कर. तुला कोण घालवतंय?” तो वाईट माणूस नाही, तिला आजवर त्यानंच सांभाळलं, हे तीही सांगते, आणि म्हणूनच ते अवघड आहे. तिनं आठ दिवसांची मुदत मागितली आणि कागद गटाच्या बैठकीत आणला. आमच्या वकील ताईंनी तो वाचून दाखवला. माळा आणि जिन्याखालची खोली तिच्या वाट्याला लावून घ्यावी, बाकीचं भावाचं, असा वाटणीपत्राचा मसुदा तयार केला आहे. येत्या रविवारी आम्ही तिघीजणी तो घेऊन भावाकडे जाणार आहोत. सही तिनं अजून केलेली नाही.