कायद्याचे दात काढून देऊ नका
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सभागृहात आपल्या बाजूची डोकी कमी असली की कार्यकर्ते विचारतात, बोलणी कुणाशी करायची आणि किती सोडायचं? घोषणांनी याचं उत्तर मिळत नाही. म्हणून आज आम्ही एका दूरच्या मुलखातला हिशेब तुमच्यापुढे मांडतो आहोत.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॅनी लू हेमर नावाची काळी बाई दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं कापूस करायची. 31 ऑगस्ट 1962 ला ती मतदारयादीत नाव घालायला कचेरीच्या गावी गेली. त्याच रात्री मालकानं तिला घराबाहेर काढलं. 18 वर्षांची चाकरी एका अर्जापायी गेली. काळ्या पुरुषांना मताचा हक्क 1870 पासून होता, बायकांना 1920 पासून. पण कागदावर.

त्यासाठी कायदा झालाच नव्हता असं नाही. 1957 मध्ये झाला होता. पण सत्तेवरचा आणि विरोधातला, दोन्ही पक्षांत फूट. दक्षिणेतले गोरे सभासद अडून बसले. कायदा कसाही पदरात पडावा म्हणून समर्थकांनी तडजोड केली. कोर्टाचा हुकूम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला मोठी शिक्षा करायची तर खटला पंचांपुढे चालायचा, आणि तिथले पंच गोरे! कायदा झाला, पण त्याला दात राहिले नाहीत.

1965 मध्ये मात्र हिशेब नीट झाला. 7 मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावी पुलावर पोलिसांनी मोर्चा झोडपला. साऱ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. आठ दिवसांत अध्यक्ष जॉन्सन कायदा घेऊन संसदेपुढे उभे राहिले. पण नुसत्या संतापानं मतं पडत नाहीत. सिनेटचे सभासद 100. चर्चेचं गुऱ्हाळ थांबवायला दोन तृतीयांश मतं, म्हणजे 67 लागत. जॉन्सन यांच्या पक्षाचे 68 होते, पण त्यांतले दक्षिणेकडचे बहुतेक फुटलेले. मग उरलेली मतं आणायची कुठून? विरोधी बाकांवरून!

तिथले नेते होते इलिनॉयचे एव्हरेट डर्कसन. सरकारनं त्यांना मसुदा लिहितानाच सोबत घेतलं. श्रेयाचा वाटाही दिला.

काही सोडावंही लागलं. मत द्यायला कर भरावा लागे. तो थेट रद्द करण्याची सूचना 45 विरुद्ध 49 मतांनी पडली. समर्थकांनी तिथं डोकं आपटलं नाही. या कराविरुद्ध सरकारनं कोर्टात जावं, एवढं कलम घातलं. 1966 मध्ये सुप्रीम कोर्टानंच तो कर मोडीत काढला.

पण दोन गोष्टी सोडल्या नाहीत. स्थानिक कचेरी नाव घेत नसेल तर केंद्राचा अधिकारी नाव घेईल. आणि ज्या राज्यांनी आजवर अडवणूक केली त्यांना मतदानाचा नियम बदलायला आधी मंजुरी लागेल. हे कायद्याचे दात. 25 मे ला 70 विरुद्ध 30 मतांनी चर्चा थांबली. त्या 70 मध्ये विरोधी पक्षाचे 23 होते. 6 ऑगस्टला सही झाली. मिसिसिपीत शंभर काळ्या माणसांत सातांचंही नाव यादीत नव्हतं. 1967 पर्यंत ते साठाच्या घरात गेलं.

मिळवलेलं टिकतंच असंही नाही. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ती आधीची मंजुरी बंद पडली. नवा कायदा जानेवारी 2022 मध्ये सिनेटपुढे आला तेव्हा सभागृह 50-50 होतं, चर्चा थांबवायला 60 मतं हवी होती. विरोधी बाकांवरचा एकही आला नाही. नियम बदलायचा तर स्वपक्षाचे दोघे तयार नव्हते. कायदा पडला.

आपल्याकडे काय झालं? 2017 मध्ये महाराष्ट्रात 10 गुंठ्यांच्या शेतकऱ्यालाही बाजार समितीच्या निवडणुकीत थेट मत मिळालं. 2020 मध्ये ते काढून घेतलं. तेव्हा आपल्यातले किती जण तहसील कचेरीवर गेलो? जे मत आपण मोजून, भांडून घेतलं नाही, ते जाताना आपल्याला कळलंही नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला घोषणा आणू नका. आपल्या आमदाराचं नाव आणा, पक्ष कुठलाही असो. तो कशाला भितो, कुणाचं ऐकतो, ते लिहून आणा. आणि मसुद्यातलं कुठलं कलम सोडायचं, कुठलं मेलो तरी सोडायचं नाही, ते गावात बसून आधी ठरवून या.