वेटोळ्यातील ठेव



आज आम्ही निवडलेला विषय दिसायला फार लहान आहे. तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच तो विषय. तथापि या वेटोळ्याने आम्हांस विद्यार्थिदशेत एक धडा शिकवला, आणि २००८ साली जगातील एका अतिभव्य प्रयोगशाळेलाही तोच धडा फार मोठ्या किमतीला घ्यावा लागला. तो धडा काय, हे आज सांगावयाचे आहे.

आमच्या प्रयोगशाळेत एके दिवशी शिक्षकांनी टेबलावर विजेरीतला दीड व्होल्टचा सेल आणि ट्यूबलाइटचा जुना चोक ठेवला. चोक म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेले शेकडो फेऱ्यांचे वेटोळे. त्याच्या दोन्ही उघड्या तारा एकाच हाताच्या दोन बोटांनी धरावयास त्यांनी आम्हांस सांगितले. सेल जोडला, काही झाले नाही. दीड व्होल्टने काय होणार, म्हणून आम्ही हसलो. मग त्यांनी सेल सोडवला, आणि त्याच क्षणी असा धक्का बसला की तारा हातातून सुटल्या. वीज जोडताना नव्हे, तर तोडताना धक्का! सेल तर दूर झाला होता; मग ही वीज आली कोठून?

हा प्रश्न आमच्या आधी एकाला पडला होता. १८३४ साली जेन्किन नावाच्या गृहस्थांना विद्युत्‌चुंबकाच्या तारा हातात असताना असाच धक्का बसला, आणि त्यांनी ही हकीकत लंडनला मायकेल फॅरडे यांना सांगितली. फॅरडे यांनी लगेच प्रयोग हाती घेतले. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी त्याआधीच, १८३२ साली, लिहून ठेवले होते की लांब तार बॅटरीपासून तोडताना ठिणगी उडते आणि तार गुंडाळलेली असल्यास ती अधिक जोरदार होते. त्यांचेच नाव पुढे, १८९३ साली, या गुणाच्या मापाला देण्यात आले. तेच आजचे 'हेन्री' हे एकक.

आता कारण पाहू. तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र बदलू लागले, तर त्यात असलेल्या तारेत विद्युद्दाब उत्पन्न होतो, हा फॅरडे यांचा १८३१ चा शोध. वेटोळ्यात तर प्रत्येक फेरा दुसऱ्या फेऱ्यांच्या क्षेत्रातच बसलेला असतो. त्यामुळे प्रवाह बदलला की वेटोळे स्वतःच स्वतःत दाब निर्माण करते, आणि तो नेहमी त्या बदलाला विरोध करणारा असतो. प्रवाह वाढू लागला तर ते वाढू देत नाही; कमी होऊ लागला तर कमी होऊ देत नाही. यालाच शास्त्रात स्वप्रवर्तन म्हणतात.

आपल्या आया-आज्या जात्यावर दळत असत. जाते सुरू करताना खुंट्याला जोर लावावा लागे. एकदा फिरू लागले की हात काढल्यावरही ते थोडा वेळ फिरत राही. सुरुवातीला लावलेला जोर वाया गेलेला नसे. तो दगडाच्या फिरण्यात साठलेला असे. वेटोळ्यातला प्रवाह या जात्यासारखा आहे. तो हळूहळू वाढतो, आणि वाढताना बॅटरीकडून घेतलेल्या ऊर्जेचा एक भाग तारेच्या उष्णतेत खर्च होतो, तर दुसरा भाग ठेव म्हणून जमा राहतो.

ही ठेव असते कोठे? तांब्यात नव्हे, तर वेटोळ्याच्या आतल्या आणि भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात. चोकच्या लोखंडी गाभ्यात मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते, आणि नवल असे की ठेवीचा बराच मोठा वाटा त्या रिकाम्या फटीत असतो.

ठेव मोजणे सोपे आहे. प्रवाहाचा वर्ग करावा, त्याला वेटोळ्याच्या हेन्रींनी गुणावे आणि निम्मे करावे. प्रवाह दुप्पट झाला तर ठेव चौपट होते. ट्यूबलाइटचा चोक सुमारे १ हेन्रीचा आणि प्रवाह ०.४ अँपिअर धरला, तर ठेव भरते ०.०८ ज्यूल, म्हणजे आठ ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलण्याइतकी. इतक्या क्षुल्लक ठेवीचे भय कशाला, असे आपण म्हणाल. परंतु खरा प्रश्न आहे ती किती वेळात परत मागितली जाते हा. तोच प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागात तोडला तर ४०० व्होल्टचा दाब उठतो. दहाहजाराव्या भागात तोडला तर ४,००० व्होल्टचा. धक्का बसतो तो या घाईचा.

कंडेन्सरमध्येही वीज साठते, पण ती टाकीतल्या पाण्यासारखी स्वस्थ साठते. टाकीची तोटी बंद करून निघून जाता येते. वेटोळ्यातली ठेव प्रवाह चालू असेपर्यंतच असते. तो थांबवला की ती तत्काळ बाहेर पडणार, आणि वाट नसेल तर हवा फोडून ठिणगीच्या रूपाने वाट करणार.

शहाण्या माणसाने या खोडीलाही कामाला जुंपले. पेट्रोलच्या मोटारीत बॅटरी १२ व्होल्टची. पण इग्निशन कॉइलमधला प्रवाह नेमक्या क्षणी तोडला की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. चोकचेही काम तेच: स्टार्टरने प्रवाह तोडला की त्याच्या उसळीने नळी पेटते. आता घरोघर एलईडी दिवे आले. त्यांतील पुष्कळांच्या पोटातही एक चिमुकले वेटोळे असते, आणि ते सेकंदाला हजारो वेळा ठेव घेते व परत करते.

आता २००८ ची गोष्ट. जिनीव्हाजवळ सर्न या संस्थेचा २७ किलोमीटर घेराचा भुयारी कणवेगक आहे. त्यात कणांना वळवणारी १,२३२ अतिसंवाहक चुंबके आहेत. पूर्ण प्रवाहाला अशा एका चुंबकात सुमारे ७० लाख ज्यूल ऊर्जा साठते. दहा टनांचा ट्रक जवळजवळ कुतुबमिनाराच्या टोकाइतका उंच नेण्यास ती पुरेल. अशी १५४ चुंबके एका मंडलात ओळीने जोडलेली असतात. १९ सप्टेंबर २००८ रोजी चाचणी चालू असताना, प्रवाह सुमारे ८,७०० अँपिअर झाला तेव्हा, दोन चुंबकांमधला एक सदोष सांधा तापून तुटला. प्रवाह थांबावयास तयार नव्हता. त्याने तुटलेल्या जागी प्रखर विद्युत्‌कमान पेटवली आणि हेलियमचे वेष्टन फोडले. सुमारे ६ टन हेलियम निसटला आणि ५३ चुंबके बाहेर काढावी लागली. भुयारात कोणी नव्हते, म्हणून जीवितहानी झाली नाही. यंत्र पुन्हा सुरू व्हावयास नोव्हेंबर २००९ उजाडला.

ठेव परत घेण्याची व्यवस्था तेथे नव्हती असे नाही. चुंबकांना वळसा घालणारे डायोड होते, ऊर्जा जिरवणारे मोठे रोधक होते, आणि चुंबक बिघडताच त्याचे सबंध वेटोळे तापवून ऊर्जा सर्वत्र पसरवणारे संच होते. हे संच भारतात बनून गेले होते. नजर कमी पडली ती सांध्यांवर. म्हणून पुढे प्रत्येक सांध्यावर सूक्ष्म लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवण्यात आली.

आमच्या बोटांना बसलेला धक्का आणि त्या भुयारातला स्फोट, यांत फरक आहे तो प्रमाणाचा, नियम एकच. ज्याने प्रवाह सुरू केला त्याने तो थांबवण्याची वाटही आधीच आखून ठेवली पाहिजे. चालू पंख्याचा प्लग खेचताना निळी ठिणगी दिसते, ती याच ठेवीची मागणी असते. म्हणून प्लग खेचण्यापूर्वी बटण बंद करावे. बटणातही ठिणगी पडतेच, परंतु ती सोसण्यासाठीच ते घडवलेले असते.