धून वळवणारे हात

सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा आहे, हे ठाऊक असतं. व्हिडिओ गेमच्या संगीतकाराला ते ठाऊक नसतं. खेळणारा दारापाशी दोन मिनिटं रेंगाळेल, नाहीतर थेट शत्रूवर तुटून पडेल. म्हणून तर १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’ या गेमसाठी मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ‘आयम्यूज’ ही प्रणाली वापरली. पात्र एका जागेतून दुसरीकडे गेलं, की धून न तुटता वळण घेई. आजही संगीतकार तालवाद्यं, तंतुवाद्यं वेगवेगळ्या थरांत ध्वनिमुद्रित करतो आणि वाइज, एफमॉडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता थर कधी उठायचा, याचे नियम बांधतो.

आता मात्र सुनो, उडिओ ही एआय साधनं नुसत्या वर्णनावरून झटपट गाणं तयार करतात. मला धास्ती वाटते ती छोट्या मोबाइल गेमची स्वस्त कामं त्यांच्याकडे जाण्याची. नवशिक्यांचा हात त्याच कामांवर बसतो.

गेमच्या निर्मात्यांपुढेही पेच आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं, की केवळ सूचना देऊन यंत्राकडून करवून घेतलेल्या निर्मितीला कॉपीराइट मिळत नाही. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात गेम विकताना २०२४ पासून एआयचा वापर जाहीर करावा लागतो.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी नुसती चाल बांधून थांबू नये. वाइज, एफमॉडसारखी सॉफ्टवेअर शिकावीत, खऱ्या वादकांसोबत काम करावं. आणि करारावर सही करण्याआधी, आपलं संगीत एआयला शिकवण्यासाठी वापरणार का, हे लेखी विचारून घ्यावं.