चोपन्न हजारांची सही



कवी माणूस आरोग्य विम्यावर बोलणार, याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं. पण कविता ही माझी आवड. पोट भरलं ते केंद्र सरकारच्या पुण्यातल्या एका कार्यालयातल्या टेबलानं. बी. ए. झालो, कारकून म्हणून चिकटलो आणि आता अठ्ठावन्नावं लागलं आहे. साठाव्या वर्षी शाल मिळेल, श्रीफळ मिळेल. मात्र दरमहा पगारातून कापले जाणारे साडेचारशे रुपये थांबतील आणि त्यांच्याबरोबर ‘सीजीएचएस’चं, म्हणजे केंद्रीय आरोग्य योजनेचं माझं कार्डही. ते निवृत्तीनंतर चालू ठेवायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणाला, “चाचा, यात ठरवायचं काय? पैसे भरा आणि मोकळे व्हा.” त्याला काय ठाऊक! माझं गाव चिपळूणजवळ. तिथं वडिलोपार्जित घर आहे, परसात फणस आहे. निवृत्तीनंतर तिकडे जायचं, हे स्वप्न मी तीस वर्षं उराशी बाळगलं. आणि सीजीएचएसचा दवाखाना पुण्यात.

आधी आकडे सांगतो. माझ्या वेतनश्रेणीला सध्याच्या दरानं वर्षाचे ५,४०० रुपये भरता येतात. किंवा दहा वर्षांची वर्गणी, म्हणजे ५४,००० रुपये, एकदम भरून आजीवन कार्ड घेता येतं. याहून खालच्या श्रेणींना ही रक्कम ३०,००० आहे, वरच्यांना ७८,००० आणि सर्वांत वरच्यांना १,२०,०००. जिथं ही योजना पोहोचत नाही, तिथं राहणाऱ्या निवृत्तांना बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो. वर्गणी भरून कार्ड घेतलं तर भत्ता बाहेरच्या औषधांना आणि कार्ड इस्पितळात दाखल होण्यासाठी, अशी विभागणीही करता येते. नाहीतर भत्ता सोडायचा आणि जवळच्या सीजीएचएस शहरातून सगळंच घ्यायचं.

मला भत्त्याचा मोह झाला. हजार रुपये हातात, वर गावची हवा! बायकोनं डायरी पुढे केली. तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे. औषधांचा बाजारभावानं खर्च महिन्याला अठराशे. ती म्हणाली, “तुम्ही वृत्त बरोबर मोजता, मग हे का नाही मोजत?” मोजलं. वर्षाचा भत्ता १२,०००, औषधं २१,६००. आज ही औषधं आम्हाला दवाखान्यातून मिळतात, म्हणून त्यांची किंमत मला कधी कळलीच नव्हती.

खरं तर अशा हिशेबाचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको होतं. नव्वदच्या दशकात अब्बा आजारी पडले. गावातून मुंबईला नेलं. कुठलंही विमाकवच नव्हतं. अम्मीच्या बांगड्या गेल्या, मग आंब्याची सहा कलमं असलेला तुकडा गेला. शेवटी अब्बाही गेले. अब्बांना दुखण्यापेक्षा त्या कलमांचं दुःख जास्त होतं. डॉक्टरनं नवी तपासणी सांगितली की ते आधी माझ्या तोंडाकडे बघत. आपल्या मुलानं आपल्याकडे तसं बघू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

श्रोत्यांमध्ये सगळेच सरकारी नोकर नसतील. कारखान्यात ईएसआयमध्ये असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाचे अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. माहीत नसल्यामुळे कितीतरी जण तो सोडून देतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेवरही तिचा लाभ आहे आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांची. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरतं. आमच्या अम्मीचं आम्ही काढलं. मात्र सीजीएचएसवाल्यांना सत्तरीनंतर दोन्ही घेता येत नाहीत, एकच निवडावं लागतं.

या दोन्ही योजना प्रामुख्यानं इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या गोळीचा खर्च आपलाच. आणि म्हातारपणी रोजची गोळीच जास्त खाते.

म्हणून निवृत्तीच्या दोन वर्षं आधी नवरा-बायकोनं समोरासमोर बसून तीन प्रश्न विचारावेत. आपण राहणार कुठे? आपला खर्च दाखल होण्यावर जास्त आहे की रोजच्या औषधांवर? आणि तिसरा, जो आम्ही पुरुष टाळतो: माझ्यामागे तिचं काय?

या तिसऱ्या प्रश्नानं माझा निर्णय केला. आजीवन कार्ड घेतलं, तर मी गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीलाही उपचार मिळत राहतात, पुन्हा वर्गणी भरावी लागत नाही. वर्षावर्षाला भरायचं म्हटलं, तर ते लक्षात ठेवणारा माणूसच नसेल.

तेव्हा आम्ही ठरवलंय. उपदानाच्या रकमेतून पहिले ५४,००० तिथं जातील. भत्ता सोडायचा. राहायचं गावी, आणि महिन्यातून एकदा एसटीनं कुंभार्ली घाट चढून पुण्याला मुलाकडे यायचं, औषधं घ्यायची, दोन दिवस नातवाबरोबर राहून परत जायचं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ती खूश आहे. रात्री-अपरात्री गावात काही झालंच, तर तातडीच्या प्रसंगी जवळच्या इस्पितळात जाऊन नंतर खर्चाची मागणी करता येते. ती योजनेच्या दरानं मंजूर होते, वरचा फरक खिशातून. त्यासाठी थोडी शिल्लक वेगळी ठेवली आहे.

अर्ज आणून ठेवलाय. त्यावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी चिकटवायचे आहेत. परवा फोटो काढायला गेलो, तर ती म्हणाली, “लग्नानंतर पहिल्यांदाच असे स्टुडिओत आलोय.” मी म्हटलं, चला, विम्यानं एवढं तरी केलं.