आधी झाडाला विचारावं

महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात तर स्ट्रॉबेरीच्या काही शेतांत पाहुण्याला वाफ्यात सोडतात. हवी ती फळं स्वतःच्या हातानं तोडायची आणि वजनाचे पैसे द्यायचे. हे तिथं रुजलं, कारण ते त्या फळाच्या स्वभावात आहे. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. रोपावर जेवढी गोडी येईल तेवढीच. प्रवासात तिला लगेच मार लागतो. रोप गुडघ्याच्याही खाली, त्यामुळे पोराबाळांचा हात पोचतो.

आता कोकणातली तरुण मुलंही तसंच करू म्हणतात. माझा पुतण्याही त्यातलाच. "चाचा," तो म्हणतो, "गडी मिळत नाहीत, दलाल भाव पाडतो. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं इकडं येतातच. त्यांनाच बागेत आणू." त्याचं गाऱ्हाणं खरं आहे. पण हो म्हणण्याआधी झाडाला विचारावं, असं मला वाटतं.

हापूसचा स्वभाव स्ट्रॉबेरीच्या नेमका उलटा. तो झाडावर पिकू द्यायचा नसतो. चौदा आणे तयार झाला की हिरवाच उतरवायचा आणि गवताच्या अढीत पिकवायचा. झाडावर जास्त राहिला, खालच्या तापलेल्या कातळाची झळ लागली, की आत साका होण्याची भीती. वरून सोनं आणि आत पांढरट, बेचव गर. पाहुण्याला तर झाडावरचा पिवळा आंबाच तोडायचा असतो! तयार आंबा कोणता, हे जाणता गडी खालूनच सांगतो. खांदे भरलेले, देठाशी खळगा पडलेला, रंग जरा निवळलेला. तोडताना देठ राखावा लागतो, नाहीतर चीक ओघळून साल डागाळते. तोच चीक माणसाच्या अंगावर उडाला तर कातडी भाजते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं देठासकट आंबा उतरवणारा 'नूतन' झेला काढला, तो याचसाठी.

दुसरी गोष्ट उंचीची. जुनी कलमं घराच्या कौलांच्या वर गेलेली. तिथं शहरातल्या माणसाला चढू देणं म्हणजे जिवाशी खेळ. दहा बाय दहा मीटरवर हेक्टरी 100 झाडं बसत, पाच बाय पाचवर 400 बसतात. अशी दाट बाग छाटून बुटकी ठेवली, तर जमिनीवर उभं राहून झेला लावता येतो. नवी लागवड करणाऱ्यानं हा विचार आधीच करावा.

तिसरी गोष्ट फवारणीची. औषध मारल्यावर तोडणीआधी ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. पेटीतला आंबा घरी धुऊन खाल्ला जातो, बागेतलं मूल हातातलं फळ सरळ तोंडात घालतं. त्यामुळे कोणत्या दिवशी फाटक उघडायचं, हे फवारणीची वही पाहून ठरवावं.

आणि हापूस बहुधा एक वर्ष आड धरतो. रिकाम्या वर्षी पाहुण्याला काय दाखवणार?

म्हणून माझं मत असं. हापूस गड्यानंच उतरवावा. पाहुण्यानं एखाद्या बुटक्या झाडाखाली त्याच्या शेजारी उभं राहून झेला हाती धरून पाहावा आणि खायला अढीतला आंबा घ्यावा. त्या दिवशी गडी हा मास्तर असतो. त्याला मजुरीखेरीज वाटा मिळायला हवा. हातानं तोडायला जाम आहेत, रातांबे आहेत, करवंदं आहेत. काजूची बोंडं खुशाल वेचू द्यावीत, बी मात्र फोडू देऊ नये. टरफलातलं तेल हात पोळतं. झाडाखाली किती खाल्लं याचं वजन होत नाही, म्हणून प्रवेशाचे पैसे वेगळे आणि घरी नेण्याच्या फळांचे वेगळे घ्यावेत.

एक अट मात्र पैशांपलीकडची आहे. आमच्याकडे सड्यावरची करवंदं कुणी विकत घेऊन तोडली नाहीत. गुरांमागच्या पोरानं ओंजळभर खाल्ली, बाजारला निघालेल्या बाईनं पदरात बांधून नेली. बागेत पडलेला आंबाही असाच कुणाकुणाच्या तोंडी लागत आला. उद्या फाटकाशी तिकीट आलं, तर शेजारच्या वाडीतली पोरं बाहेर उभी राहून आत पाहतील. पाहुण्यांचा हंगाम महिना-दीड महिन्याचा. या पोरांबरोबर आपल्याला बारा महिने राहायचं आहे. त्यांच्याकडे तिकीट मागू नये.